सूर्योदयापर्यंत रविवार

तिसरी शिफ्ट संपवून निलेश घरी येतो तेव्हा रोहे गाव नुकते जागे होत असते. रात्रभर दाबाचे आणि तापमानाचे आकडे पाहून आलेल्या डोळ्यांना सकाळचे ऊन खरे वाटत नाही. कुंडलिकेवरचे धुके, दूधवाल्याची मोटारसायकल, शाळेला निघालेली मुले, हे सारे त्याला एखाद्या काचेपलीकडे घडत असल्यासारखे दिसते. झोपण्यापूर्वी तो एकच गोष्ट करतो. लॅपटॉप उघडून काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी वाचतो. त्या ओळींत त्याचा पुढचा दिवस लिहिलेला असतो, आणि तो वाचून झाला की डोके रिकामे करून झोपता येते.

हा पडदा ईमॅक्स या मजकूर-संपादकाचा, आणि त्या ओळी त्यातल्या ऑर्ग या कामे लावून ठेवणाऱ्या सोयीच्या. त्यात चित्रे नाहीत, रंगीत खुणा नाहीत. साध्या मजकुराची एक फाइल असते. ओळीच्या आरंभी एक तारा काढला की तो मथळा होतो, दोन तारे काढले की पोटमथळा. एक कळ दाबली की मथळ्याखालचे सारे मिटून जाते, पुन्हा दाबली की उलगडते. कारखान्यातली तरुण इंजिनिअर सावनी, पेणच्या एका शिक्षकाच्या घरातली, आपली टिपणे अशी लिहीत असे. निलेशने ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला संगणक आठवला नाही, मिठागर आठवले. ताऱ्यांच्या रांगा म्हणजे बांध, आणि त्यांच्यामधला मजकूर म्हणजे एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सोडलेले पाणी. त्याने सावनीकडून ते मागून घेतले आणि पुढच्या काही महिन्यांत, शिफ्टच्या मधल्या तासांत, स्वतःला हवे तसे वळवूनही घेतले. आयटीआयमध्ये शिकलेल्या माणसाला यंत्राच्या पोटात हात घालायची भीती वाटत नाही.

त्याने केलेल्या बदलांत एक बदल त्याच्या फार आवडीचा होता. वेळ उलटून गेलेले काम दिवसाच्या यादीत दिसूच नये, अशी सोय त्याने स्वतः लिहिली होती. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला होऊन गेलेल्या गोष्टी वाचायच्या नसतात, असे तो म्हणे. त्याची बायको भाविका या साऱ्याला काळी पाटी म्हणत असे. जेवायला हाक मारून तो उठला नाही की ती दारातून विचारी, "पाटीवर जेवणाची वेळ लिवायची राहिली काय?"

निलेशचे मूळ घर पेणच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या एका गावात. तिथे त्याची आई धोंडुबाई राहते. घराच्या मागे बांध, बांधापलीकडे मिठागर, आणि मिठागराच्या टोकाला खाडीचे पाणी आत घेणारी उघाडी, म्हणजे दगडी तोंडात उभ्या सरकवलेल्या लाकडी फळ्या. आसपासची बहुतेक मिठागरे मोडली. काहींत झाडोरा माजला, काहींची कोळंबीची तळी झाली. धोंडुबाईचे तेवढे उरले, कारण नवरा गेल्यावरही ती दर हंगामात पायाने चिखल तुडवून खाचरांचा तळ घट्ट करीत राहिली. निलेशच्या लहानपणाच्या आठवणींत त्या तळाचा थंड, गुळगुळीत स्पर्श आहे, आणि बांधावर झोपून ऐकलेला पाण्याचा आवाज. पाणी येताना आवाज करते, जाताना करीत नाही, असे त्याला तेव्हा वाटे, अजूनही वाटते.

हिवाळ्यात दिवसाची भरती लहान असते आणि रात्रीची मोठी. मिठागराचे पहिले मोठे खाचर उंचावर असल्याने तिथवर पाणी चढते ते केवळ उधाणाला, अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावरच्या दोनतीन रात्री. त्यातही या घरची एक रीत आहे. हंगामातले पहिले पाणी घरच्याच हाताने घ्यायचे. उघाडीची पहिली फळी घरच्या माणसाने उचलायची, खाडीला नारळ द्यायचा, आणि मग पुढची सारी पाणी कोणीही मजुरीवर घ्यावीत. आजवर ही फळी धोंडुबाईने उचलली. गेल्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली, आणि बांधाच्या चिखलातून चालणे डॉक्टरांनी बंद केले.

तेव्हा पुतण्या शिवा तिच्याकडे आला. शिवा निलेशचा चुलत भाऊ, पण वाटणी होऊन वेगळ्या घरचा. सणाच्या आधी हमरापूरच्या गणपतींच्या मूर्ती टेम्पोतून मुंबईला नेतो, उरलेले वर्ष मिळेल ते भाडे घेतो. जागा मला द्या, मी कोळंबी करतो, तुम्हांला वाटा देतो, असे त्याने मांडले. बोलणे वावगे नव्हते. धोंडुबाईने विचार करायला वेळ घेतला आणि मग दोघांनाही समोर बसवून सांगितले, की दत्तजयंतीच्या उधाणापर्यंत निलेशने पहिले पाणी घेतले तर आगर मिठाचे राहील, नाहीतर शिवाने खोदकामाचे मशीन बोलवावे. तिला मिठाचा लोभ नव्हता. आपल्यामागे या बांधावर घरातले कोणी उभे राहणार आहे की नाही, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते, आणि ते विचारून कळत नाही हे तिला ठाऊक होते.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया रविवारी होती. रात्री अडीचला पाणी माथ्यावर येईल, असे आईने आठवडाभर आधी फोनवर सांगितले आणि पुन्हा त्याचा उच्चार केला नाही. आठवण करून दिली तर काम आपले होते, मुलाचे होत नाही, असा तिचा हिशेब. निलेशने लगेच फाइल उघडली. एक तारा, 'पहिले पाणी', खाली टोकदार कंसात रविवारची तारीख आणि अडीचची वेळ. कळ दाबून ते मिटवले, आणि मनातूनही मिटवले.

तो रविवार त्याच्या सुट्टीचा होता. शनिवारच्या रात्रीची शिफ्ट करून तो दुपारपर्यंत झोपला. उठल्यावर यादी उघडली, तर ती कोरी होती. शिफ्ट फिरत राहिली की वार माणसाच्या अंगावरून विरघळत जातात. कोऱ्या यादीवर शंका घ्यावी असे त्याला काही सुचले नाही. संध्याकाळी तो भाविकाला आणि मुलीला घेऊन नदीकाठी गेला. पाण्यावर दिवे उतरले होते. मुलगी घाटाच्या पायरीवर बसून पाय हलवीत होती आणि भाविका माहेरच्या कुठल्याशा लग्नाचे सांगत होती. आपल्याला काही करायचे नाही, या जाणिवेची एक मऊ घडी त्याच्यावर पांघरली गेली होती. शिफ्टवाल्याच्या सवयीने फोन बंद करून तो लवकर झोपला. त्या झोपेत त्याला स्वप्न पडले की फाइलमधले तारे एकेक करून सुटत आहेत आणि खाली मऊ चिखलात रुतत आहेत. ते स्वप्न त्याला सुखाचे वाटले.

सोमवारी सकाळी फोन सुरू केला तेव्हा आईचा आवाज शांत होता.

"निलेश बाला, पानी आयला नि आल्या पावली गेला. फल्या कोरड्या हायत."

मागून शिवाने फोन घेतला. तोही रात्री मदतीला जाऊन थांबला होता. "काय रं, तुझ्या कंप्युटरला खाडी दिसत नाय काय? मी बॅटरी घेऊन बांधावर उभा. एक बगला नि मी, दोघंच. तुझी वाट बघून बगला पन गेला."

पुढचे दिवस निलेशने दोष शोधण्यात घालवले, आणि हे शोधणे एखाद्या ओळखीच्या घरात अंधारात चाचपडण्यासारखे होते. प्रथम त्याला वाटले, ही फाइल यादीसाठी वाचल्या जाणाऱ्या फाइलींत नसेल. ती होती. मग वाटले, कंस चुकला असेल. कंस बरोबर होता. मग त्याने संपादक आपली कोणतीही मांडणी न वाचता, अगदी कोरा उघडला, आणि तेच काम त्यात लिहून पाहिले. ते दिसले. म्हणजे दोष आपल्या मांडणीत आहे असे ठरवून त्याने तिचे दोन भाग केले, अर्धा बंद करून अर्धा चालवला, मग त्या अर्ध्याचे अर्धे. शेवटी तो आपल्याच आवडत्या सोयीपाशी येऊन थांबला. होऊन गेलेले लपवणारी ती सोय बंद केली की 'पहिले पाणी' रविवारच्या यादीत दिसे, चालू केली की नाहीसे होई. पण यात चूक कोणती? यंत्राच्या मते रविवारी दुपारी ते काम होऊन गेलेलेच होते. यंत्राला असे का वाटावे, हे त्याला कळेना. तो त्या ओळीकडे पाहत राही. रविवार, रात्री अडीच. तिच्यात खोटे असे काहीच दिसत नव्हते.

पौर्णिमेच्या वेळा विचारायला तो गावी गेला. सकाळच्या गाडीने पेण, तिथून रिक्षा. धोंडुबाई ओटीवर पाय पसरून बसली होती. तिने रागाचे काही काढले नाही. शेजारची हौसा उंबऱ्याशी मासे साफ करीत होती. तिने मात्र, आयला गो तुझा साहेब, म्हणून त्याला ऐकवले. आईने बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. गुरुवारी पुनव, शुक्रवारी प्रतिपदा, शनिवारी द्वितीया. द्वितीयेला पाण्याला खरा जोर.

"शनवारी रातचे दोनला ये," ती म्हणाली. "हे शेवटचं. मी शिवाला शबूद दिलाय."

निलेशने फोनवरची दिनदर्शिका उघडली होती. दोन वाजता तिथे शनिवार नव्हता. ते आकडे पुन्हा वाचून तो हळू आवाजात म्हणाला, "आये, शनवारी रातचे दोन, म्हंजे तवा रविवार लागलेला असतो."

धोंडुबाईने त्याच्याकडे पाहिले. "सूर्य उगवल्याबिगर रविवार कसा लागंल?"

तिने हे वादासाठी विचारले नव्हते. हौसानेही मान वर केली नाही, इतके ते साधे होते. आणि निलेशला जाणवले की यात तिची एकटीची समजूत नाही. आपणही आयुष्यभर असेच जगलो. कारखान्यात शनिवारची तिसरी शिफ्ट रविवारी सकाळी सातला संपते, तरी तिला शनिवारचीच म्हणतात. पगार शनिवारचा, हजेरी शनिवारची. खाडीत आणि कारखान्यात, दोन्हीकडे रात्र आदल्या दिवसाच्या मालकीची. मध्यरात्रीला दिवस मोडतो हे त्याला माहीत होते, पण ते त्याने कधी अंगावर घेतले नव्हते. रविवारची तारीख घालून त्याने जे अडीच लिहिले, ते यंत्राने शनिवारच्या रात्रीच्या पोटात नेऊन ठेवले. तो त्या वेळी शिफ्टवर उभा होता, आणि खरे पाणी अजून एक दिवस दूर होते.

त्याला हसू आले, आणि हसताना डोळे भरून आल्यासारखे वाटले. आईने विचारले, काय झालं. तो म्हणाला, कायी नाय.

यावर पुढची तारीख घालून लिहायचे, एवढे पुरेसे होते. पण निलेशला स्वतःची खात्री वाटेना. रात्रपाळीच्या थकव्यात हात पुन्हा आपल्या सवयीचीच तारीख लिहील, हे तो जाणून होता. त्याने कँटीनमध्ये सावनीला सारे सांगितले. ती चहा विसरून ऐकत राहिली, आणि मग म्हणाली की दिवस खरोखर कधी संपतो ते सांगण्याची एक सोय ऑर्गमध्ये आहे. तिने मार्गदर्शिका उघडून दाखवली. त्या सोयीखाली लिहिणाऱ्यांनीच सूचना दिली होती, की ही सोय अपुरी आहे आणि बहुधा अपुरीच राहील. निलेशला ही कबुली फार आवडली. त्याने दिवसाचा शेवट सकाळी सहावर ठेवला. त्यामुळे यंत्राला 'आज' उशिरापर्यंत मानता येऊ लागले, पण लिहिलेले काम जिथे होते तिथेच राहिले. आज लांबला होता, शनिवार लांबला नव्हता.

"निलेशदादा, मग तुमचा दिवस तुम्हीच लिहा," सावनी म्हणाली. "उधार घेऊन नाही चालायचं."

त्याने तो लिहायला घेतला. वार आणि रात्रीचा तास आई सांगते तसे लिहायचे. तास सूर्योदयाच्या आधीचा असेल तर यंत्राने स्वतःच पुढची तारीख धरावी. आणि दिवसाची यादी मध्यरात्री न तुटता दुसऱ्या सूर्योदयापर्यंत वाहत जावी. या छोट्या कार्यक्रमाला त्याने देवनागरीत 'दिवस' असेच नाव दिले. संपादकाने ते मुकाट्याने घेतले. उरला सूर्योदय. तोही संपादक काढून देतो, पण त्याला जागा सांगावी लागते. निलेशने नकाशावर मिठागराची उघाडी शोधली, तिचे अक्षांश आणि रेखांश उतरवले आणि यादी मागितली.

यादीत शनिवार आला, पण संपेना. शनिवारची दुपार, संध्याकाळ, रात्रीचे दोन, मग पहाट, मग पुन्हा दुपार, पुन्हा रात्र. साऱ्या आठवड्याची कामे एकाच शनिवारखाली वाहत आली. सूर्योदयाच्या जागी यंत्राने लिहिले होते की या दिवशी सूर्योदय नाही. निलेश खुर्चीत मागे टेकला. क्षणभर त्याला ते खरेच वाटले. कुठेतरी बर्फाच्या काठावर एक मिठागर आहे, त्यावर सूर्य येत नाही, आणि त्याची आई त्या न संपणाऱ्या शनिवारी ओटीवर बसून पाण्याची वाट पाहते आहे. खाचरांत पाणी नाही, निळसर अंधार आहे. कोणालाही घाई नाही. त्या जगात कोणाचे काहीच चुकत नाही, कारण वेळ कोणाला सोडून जात नाही. तो बराच वेळ त्या पडद्यासमोर बसून राहिला. जिथे उशीर होऊच शकत नाही असा दिवस माणसाला आयुष्यात फार वेळा पाहायला मिळत नाही.

मग त्याने आकडे वाचले. अक्षांशाच्या जागी त्र्याहत्तर लिहिले होते, रेखांशाच्या जागी अठरा. दोघांची अदलाबदल होऊन आगर उचलून थेट उत्तर ध्रुवाच्या वाटेला गेले होते, आणि मार्गशीर्षात तिथे सूर्य उगवत नाही. त्याने आकडे जागच्या जागी ठेवले. पेणच्या खाडीवर सातच्या सुमारास ऊन पडले, आणि शनिवार तिथे संपला. त्याच्या शेवटच्या ओळीवर 'पहिले पाणी' होते.

शनिवारची शिफ्ट त्याने बदलून घेतली. दुपारी यादी उघडली, ओळ पाहिली, लॅपटॉप मिटला आणि संध्याकाळच्या गाडीने पेणला गेला. भाविकाने नारळ पिशवीत घालून दिला होता.

रविवारी सकाळी शिवाने टेम्पो बांधाच्या तोंडापर्यंत आणला. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत धोंडुबाई बसली होती. टेम्पो थांबल्यावर तिने उतरण्याचा हट्ट केला नाही. तिथूनच पाहू लागली. मोठे खाचर काठापर्यंत भरले होते. पाणी इतके स्तब्ध की त्यात ढग, विजेची तार आणि उडणारा एक बगळा वरच्यापेक्षा स्पष्ट दिसत होते. उघाडीच्या फळ्या पुन्हा खाली बसवलेल्या, गडद ओल्या. कडेला नारळाची कवड तरंगत होती. निलेश चिखलाने माखलेल्या पायांनी बांधावर बसला होता, रात्रभराच्या जाग्रणाने डोळे अर्धे मिटलेले, आणि तो जागा आहे की नाही हे दुरून सांगता आले नसते.

धोंडुबाईने शिवाला पाणी आणायला सांगितले. त्याने ओंजळ भरून आणली, बरीचशी वाटेत सांडली. तिने बोट बुडवून जिभेला लावले. "अजून गोडं हाय," ती म्हणाली. पावसाचे पाणी खाडीतून पुरते उतरले नव्हते. आठवडाभर ऊन लागले की दाट होईल, असे तिने स्वतःशीच ठरवल्यासारखे सांगितले. शिवा टेम्पोला टेकून उभा राहिला. त्याला काय ऐकायचे आहे हे त्याला कळले होते, आणि ते ऐकण्याची त्याला घाई नव्हती.

"शिवा, त्या मशीनवाल्याला फोन कर."

"काय सांगू, काकी?"

"सांग, जागा रिकामी नाय."

शिवा रेंज मिळावी म्हणून बांधावरून चालत दूर गेला. त्याचे बोलणे ऐकू आले नाही. हातवारे तेवढे दिसले. परत येताना तो उघाडीपाशी थांबला. एका फळीच्या सांध्यातून आत घेतलेले पाणी बारीक धारेने खाडीकडे झिरपत होते. त्याने चप्पल काढून बांधावर ठेवली, खाली उतरला, चिखलाचा गोळा करून सांध्यात दाबू लागला.

"पुढचं पानी मी घेतो," तो मान वर न करता म्हणाला. "त्याला कोनाचा पन हात चालतो ना, काकी?"

धोंडुबाईने चालतो म्हणून सांगितले, आणि चिखल आणखी खालून दाब, असेही सांगितले.